डिसेंबरपर्यंतचे ठिपके

आई,

काल कॅलेंडरवर तुमचा ठिपका होता. दुधाच्या खुणांच्या खाली, चौकटीच्या उजव्या कोपऱ्यात, पेन्सिलीचा, मोहरीएवढा. त्याला चिकटून माझा. तुम्हाला जाऊन उद्या तीन आठवडे होतील, पण ठिपक्याला त्याचं काही नाही. तो ठरल्याप्रमाणे शुक्रवारी आला.

मी तुमच्याशी कधी इतकं सलग बोलले नाही. तोंडाने मला जमत नाही, हे तुम्हाला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात कळलं होतं. "ही शाळेत शिकवते कशी?" असं तुम्ही संदेशला विचारलं होतंत, सून शेजारच्या खोलीत आहे हे माहीत असून. शाळेत मी इंग्रजीत बोलते, आई. तिथे मी थोडी वेगळी असते. घरातलं, अंगातलं काही सांगायचं झालं की मला शब्द सापडत नाहीत, ना या भाषेत ना त्या. म्हणून लिहिते आहे. तुम्ही असतात तर वाचलं नसतंत. चष्मा सापडत नाही म्हणाला असतात आणि मलाच मोठ्याने वाचायला लावलं असतंत.

लग्न होऊन या घरात आले तेव्हा एक गोष्ट माझ्या गळ्याखाली उतरत नव्हती. पाळी आली की तीन दिवस स्वयंपाकघर नाही, देवघर नाही, लोणच्याच्या बरणीला हात नाही. मागच्या पडवीत बसायचं. वेगळी चटई, वेगळं ताट, वेगळा तांब्या. आमच्याकडे, रत्नागिरीत, मम्मीने मला हे कधी करायला लावलं नव्हतं. मी संदेशला म्हटलं, मला हे जमणार नाही. तो मुंबईला निघायच्या घाईत बॅग भरत होता. "महिन्यातले तीन दिवस तर असतात," म्हणाला. "आईने तीस वर्षं केलंय." मी गप्प बसले, आणि पुढच्या महिन्यात पडवीतही बसले.

तेव्हा मला वाटायचं, हा नियम तुमचा आहे. नियम अप्पांचा होता, त्यांच्या आईचा होता, देवाचा होता, कुणाचा तरी होता. तुम्ही तो फक्त माझ्यापेक्षा जास्त वर्षं पाळत होतात.

पहिलं वर्ष तुमच्या रागाचं. पौषातल्या थंडीत तुम्ही सगळी दारं सताड उघडी टाकायचात. मी एखादं लोटलं की, "घुसमटवून मारतेस काय मला?" एकदा भाकऱ्या थापता थापता मधेच उठलात, न्हाणीत जाऊन डोक्यावरून पाणी घेतलंत, आणि ओल्या केसांनी परत येऊन उरलेल्या भाकऱ्या केल्यात. पदर निथळत होता. अप्पांनी मान वर केली नाही. एकदा विळी कुठे ठेवली ते आठवेना म्हणून रडलात. विळी तुमच्या पायाशी होती. मी ती हातात दिली तर ती माझ्या हातून हिसकावून घेतलीत.

मी मम्मीला फोनवर सांगायचे, "शी हेट्स मी." इंग्रजीत सांगायचे, म्हणजे तुम्हाला कळू नये.

दहावीला आम्हाला पाळी जाण्याच्या वयाबद्दल दोन ओळी होत्या. टीचरने पान उलटलं आणि "हे घरी वाचा" म्हटलं. मी घरी वाचल्या. त्या ओळींत भाकरी अर्धी टाकून डोक्यावर पाणी घेणारी बाई नव्हती. पण ओळी मला पाठ होत्या, आणि तुमचं वय मला माहीत होतं. तरी मला कळलं नाही. कळणार कसं? तुम्ही तर दर महिन्याला न चुकता पडवीत बसत होतात.

आणि मग मीही तेच करू लागले.

माझी पाळी दोन वर्षांपूर्वी चुकायला लागली. आधी दोन महिन्यांनी, मग चार, मग नाहीच. मी शाळेतून परस्पर शहरातल्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्या चांगल्या होत्या. सगळं इंग्रजीत सांगितलं, त्यामुळे ते दुसऱ्याच कुणाबद्दल असावं असं ऐकता आलं. अंडाशय लवकर थांबलेत. क्वचित होतं असं, तुमच्या चुकीने नाही. मूल होण्याची शक्यता अगदी कमी. गोळ्या घ्याव्या लागतील, हाडांसाठी, हृदयासाठी. मी "ओके" म्हटलं. फाइल स्कूटरच्या डिकीत रेनकोटखाली ठेवली आणि घरी आले. पुढच्या तारखेला मी चटई उचलून पडवीत जाऊन बसले.

कारण या घरात बाई दोन महिने पडवीत बसली नाही, तर तिसऱ्या महिन्यात पेढ्यांची गोष्ट निघते. बसणं सोपं होतं. बसलं की कुणी काही विचारत नव्हतं. फक्त संदेश फोनवर विचारायचा, "बसलीस?" मी "हो" म्हणायचे. मग तो जरा थांबायचा आणि शाळेचं काहीतरी विचारायचा. ते थांबणं मी वर्षभर ऐकलं.

जानेवारीतली ती दुपार. नवं कॅलेंडर टांगण्याआधी तुम्ही ते मांडीवर घेऊन बसला होतात. मी पाणी प्यायला आत आले. तुमच्या हातात शब्दकोड्याची पेन्सिल होती आणि तुम्ही सप्टेंबरच्या पानावर होतात.

"आई, काय करताय?"

"तारखा घालून ठेवत्ये."

"कसल्या?"

"कसल्या म्हणजे? माझ्या."

"सप्टेंबरच्या?"

तुम्ही पेन्सिलीचं टोक जिभेला लावलंत आणि अगदी गंभीरपणे म्हणालात, "गणपती कधी ते बघून घालायला लागतात."

मी हसले. या घरात एवढ्या मोठ्याने पहिल्यांदाच. आणि हसता हसता मला मागची वर्षं दिसली. तुमची अडचण कधी शिमग्यात आली नव्हती. पालखी दारात आली की ओटी भरायला तुम्हीच. गणपतीत कधी नाही, नवरात्रात कधी नाही. पण मे महिन्यात दोन्ही नणंदा मुलाबाळांसकट मुंबईहून आल्या, की पहिल्याच दिवशी, नेमकी.

"दात काय काढतेस?" तुम्ही म्हणालात. "तुझा पॅडचा पुडा दिवाळीपास्नं कपाटात तसाच आहे. मी झाडलाय कपाट. फोडलेलापण नाय."

माझं हसणं गेलं.

"दिवस राहिलेले नायत तुला, ता मला कळता. मग झाला काय?"

मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मम्मीलाही नाही. तुम्ही विचारलंत आणि उत्तराला एकच शब्द लागला. "गेली," मी म्हटलं.

"एकतिसाव्या वर्षी?"

"हो."

तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत, कॅलेंडर मिटलंत आणि माझं मनगट धरून मला खाली बसवलंत. मग म्हणालात, "माझी गेली तेव्हा मला नाचावासा वाटला होता. आणि तुझी..." ते वाक्य तुम्ही पुढे पुरं केलं नाहीत. मी वाट बघायचे त्याची.

तुमची तीन वर्षांपूर्वी गेली होती. सांगितलं का नाहीत, हे मी विचारलं तेव्हा तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, की ही शिकलेली कशी.

"तीन दिवस कोण चहा मागत नाय. कोण म्हणत नाय, ता कुठे आहे, हा कुठे आहे. ह्यांनी जन्मात हातात डाव घेतला तो माझ्या तीन दिवसांत. पिठी-भात का होईना, आयता ताट येता पुढ्यात. पाळी गेली म्हणून सांगितला असता तर ताटपण गेला असता."

"नुसतं सांगायचं ना, मला तीन दिवस विश्रांती हवी म्हणून."

"सांगून सुट्टी मिळते काय? तुझ्या शाळेत मिळत असेल."

यावर आपलं भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. मला तो नियम आजही आवडत नाही. बाईने विटाळाची म्हणून बाजूला बसावं आणि तीच तिची सुट्टी असावी, यात काहीतरी फार चुकलेलं आहे असं मला वाटतं. तुम्ही म्हणायचात, "चुकलेला असेल. पण माझा आहे."

"आणि कुणी संशय घेतला असता तर?" मी विचारलं होतं.

"घेतलान तर घेतलान. रातांबे आहेत की परड्यात, लाल रसाचे, कोणाला काय कळता?"

मग तुम्हीच माझे ठिपके तुमच्या ठिपक्यांना चिकटून घातलेत. "शुक्रवार धर. तुला शनिवारी अर्धी शाळा, रविवारी पुरी सुट्टी." अप्पांना दोन ताटं वाढावी लागतील, ही त्यातली गंमत तुम्हाला फार आवडली होती.

फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. तीनदा तीन, नऊ दिवस. चार वर्षांतले तेवढेच दिवस मी तुमच्याबरोबर राहिले असं मला वाटतं. बाकीचे आपण एका घरात होतो.

पडवीत तुम्ही पेपरातलं शब्दकोडं सोडवायचात आणि मला विचारायचात. मला एकही यायचं नाही. "आठ वर्षांच्या पोरांना काय शिकवतेस गो?" तुम्ही सातवी पास आणि मी दोन पदव्या घेतलेली, हे तुम्ही दर कोड्याला एकदा आठवून द्यायचात. मधेच पेन्सिल ठेवून म्हणायचात, "आली वाफ." मला हॉट फ्लॅश हा शब्द येत होता. वाफ जास्त बरोबर आहे. तुमची छातीतून निघून कानांपर्यंत जायची. माझी मानेमागून सुरू व्हायची. आपण ते डॉक्टरांसारखं ताडून बघितलं. मग जिला वाफ नाही तिने सूप घेऊन दुसरीला वारा घालायचा. त्यातलेच उरलेसुरले तांदळाचे कण माझ्या केसांत उडायचे.

तिथेच तुम्ही मला सगळं सांगितलंत. कातडी कशी खरखरीत झाली. माणसांची नावं तोंडाशी येऊन परत कशी जायची. मेलेल्या कोंबडीसाठी दोन दिवस कसं रडू येत होतं, आणि ती कोंबडी शेजारच्यांची होती. "ह्यांच्याकडे पाठ करून निजायला लागले. हे म्हणतात, रागावलीस काय. आता काय सांगू? अंगाला हात लावलेला नको वाटता म्हणून सांगू?" मी खाली बघून ऐकत होते. कुणी मला असं काही सांगू शकतं, हेच मला नवीन होतं. मलाही तसं होत होतं. ते मी बोलले नाही, पण मान हलवली, आणि तुम्हाला ते पुरलं.

"आणि ता पहिल्या वर्षीचा," तुम्ही म्हणालात. "राग तुझ्यावर नव्हता. तू समोर होतीस." मग पेपरात बघत, "शी हेट्स मी, ता माझ्याबद्दलच ना?"

मला पडवीची जमीन दुभंगली तर बरं असं झालं.

"हेट म्हणजे काय ता मी संदेशला विचारला होता. म्हटला, पेपरात आलाय."

फेब्रुवारीत तुम्ही माझ्याबरोबर डॉक्टरबाईंकडे आलात. फाइल डिकीतून तुम्हीच काढायला लावलीत. मी एका वाक्यात उत्तरं देत होते, तर तुम्ही खुर्ची पुढे ओढलीत आणि स्वतःचंच सगळं विचारायला लागलात. झोप का येत नाही, गुडघे का धरतात, छातीत धडधडतं ते कसलं. बाई हसून म्हणाल्या, पेशंट नक्की कोण? मग गंभीर होऊन म्हणाल्या, धडधड होते तर हृदयाची तपासणी करून घ्या, सगळं याच्यावर ढकलू नका. तुम्ही म्हणालात, करू, मे महिन्यात हिला सुट्टी लागली की.

माझ्या गोळ्यांबद्दल तुम्ही एकच प्रश्न विचारलात. "ह्यांनी पाळी परत येते?" तशी येऊ शकते, बाई म्हणाल्या. रिक्षात बसल्यावर तुम्ही पदर तोंडाला लावलात. "म्हणजे आता तुला खरीच बसायला लागणार." रिक्षावाला आरशातून बघत होता, एवढ्या आपण हसत होतो.

गोळ्या मी सुरू केल्या नाहीत. संदेश घरी आला की त्याला दिसतील म्हणून. हे तुम्हाला मार्चमध्ये कळलं. तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत. एप्रिलमध्ये बोललात.

तो शनिवार होता, आपला दुसरा दिवस. मी शाळेतून येऊन चटईवर बसले. तुम्ही कोडं बाजूला ठेवलंत.

"संदेशला सांगून टाक."

"बघू."

"बघू नाय. मूल नाय झाला तर नाय झाला. त्याचा काय करायचा ता तुम्ही दोघा बघाल. पण तो दर महिन्याला वाट बघतो, आणि तू बघायला देतेस. ता बरा नाय."

मला ते थांबणं आठवलं, फोनवरचं. खरं होतं म्हणूनच लागलं असावं. मी म्हटलं, "तुम्ही सांगितलंत का अप्पांना? तीन वर्षं झाली."

"माझा वेगळा. माझ्या खोट्यात कोणाचा काय जात नाय."

"तुम्हाला नातवंड हवंय म्हणून घाई आहे ही."

मी आयुष्यात कुणाला असं बोलले नव्हते. आवाजसुद्धा चढला नव्हता. अगदी वर्गात हजेरी घेते तसं म्हटलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मग गुडघ्यावर हात ठेवून उठलात आणि आत गेलात. बसायचा दुसरा दिवस असताना, सरळ स्वयंपाकघरात. मला भांड्याचा आवाज आला, अप्पांचं काहीतरी, मग तुमचं. तुम्ही परत आलात तेव्हा हातात दोन कप चहा होता. एक माझ्यापुढे ठेवलात आणि कोडं घेऊन बसलात. मी विचारलं नाही, आत काय झालं. तुम्ही सांगितलं नाहीत. मी तो चहा प्यायले. चांगला झाला होता, एवढं म्हणायला काय हरकत होती?

पुढचे आठ दिवस आपण एकमेकींशी नीट बोललो, म्हणजे भाजीचं, दुधाचं. मी माफी मागायची असं रोज ठरवत होते आणि रोज शाळेत जात होते.

आठव्या दिवशी रविवार. पहिले रातांबे उतरवले होते. तुम्ही मागच्या अंगणात सावलीला बसून ते फोडत होतात, बी आणि रस एका पातेल्यात, सालं सुपात. मनगटापर्यंत हात लाल. मी शेजारी बसून सालं पसरत होते. तुमच्या कपाळावर घाम आला, कानांपाशी, गळ्याशी. मी सूप घेतलं. सवयीने.

"आज जरा जास्तच आहे गो वाफ."

"काल माझीपण तशीच होती," मी म्हटलं. आणि आत जाऊन कोकमाचं सरबत करून आणलं.

तुम्ही ते अर्धं प्यायलात. मान हलवलीत. आपण दोघी एकमेकींवर विश्वास ठेवून बसलो. तेवढा ठेवायला नको होता.

पुढचं लिहीत नाही. हॉस्पिटलमध्ये म्हणाले, हार्ट अटॅक होता, या वयाच्या बायकांचं बरेचदा असंच होतं, घाम येतो, अस्वस्थ वाटतं, त्यांना आणि घरच्यांना ते दुसरंच काही वाटतं. अर्धा तास आधी आणलं असतं तर काय फरक पडला असता ते सांगता येत नाही. त्यांना ते सांगता येत नाही हे चांगलं की वाईट, ते मला अजून कळलेलं नाही. तुमचे हात नंतर आम्ही दोनदा धुतले. रंग गेला नाही. नणंद म्हणाली, राहू दे. तशाच लाल हातांनी तुम्ही गेलात.

काल दुपारी मी एकटीच पडवीत बसले होते. का बसले, मला नीट सांगता येणार नाही. ठिपका होता. सकाळी उठून आत गेले तर अप्पा गॅसपाशी उभे राहून कुळथाची पिठी ढवळत होते. मला बघून म्हणाले, "तारीख ना आज?" मी चटई घेतली.

त्यांनी ताट आणून ठेवलं आणि परत गेले नाहीत. पायरीवर बसले. तुम्हाला माहीत आहे, अप्पा माझ्याशी चार वर्षांत घड्याळ आणि पाऊस यांपलीकडे बोललेले नाहीत.

"गेल्या खेपेला ती मधेच आत आली," ते म्हणाले. "मी चहा टाकला होता. म्हटला, अगो, दुसरा दिवस ना तुझा? तर म्हणाली, जाऊन तीन वर्षा झाली."

मी घास ताटात परत ठेवला.

"मी म्हटला, तीन वर्षा खोटा बसत होतीस? हो म्हणाली. का तर म्हणाली, बसायला मिळत होता म्हणून." ते परड्याकडे बघत होते. "मी काय बोलणार? देवाचा काय, म्हणून विचारला. म्हणाली, देवाला ठाऊक होता, तुम्हालाच नव्हता. माझ्या चहात साखर नव्हती, ती घातलीन, दोन कप घेतलेन आणि निघाली. दारातून वळून म्हणते, पुढच्या महिन्यातपण बसणार हां मी."

"मग?"

"मग काय. कुळीथ संपत आले होते. दळून आणले." जरा वेळाने म्हणाले, "डबा भरलेला आहे."

मी विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाल्या का? "नाय," ते म्हणाले. "तुझ्याबद्दल काय म्हणायचा होता?"

तुम्ही माझं सांगितलं नव्हतंत. मी तुम्हाला म्हटलं, तुम्ही सांगितलंत का, आणि तुम्ही उठून तुमचं सांगून आलात. तुमच्याकडे असलेली एवढीच एक गोष्ट, ती गेली तर गेली म्हणून. मग मला चहा आणून दिलात, आणि आता तू, असं म्हणाला नाहीत. आठ दिवस म्हणाला नाहीत. मला वाटत होतं तुम्ही रागावला आहात.

आज पहाटे संदेश आला. आंघोळ करून मागे आला. मी चटईवर होते. त्याने बघितलं, आणि विचारलं नाही, पण ते थांबणं आलं. मग म्हणाला, "बरं. मी अप्पांना मदत करतो," आणि आत गेला.

मी दुसरा दिवस असताना उठले. गुडघ्यावर हात ठेवायची मला गरज नाही, तरी ठेवला. स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला तेव्हा अप्पांनी डाव धरलेला हात तसाच ठेवून माझ्याकडे बघितलं. त्यांना काहीतरी आठवलं असावं. त्यांनी गॅस बारीक केला.

"संदेश," मी म्हटलं, "मला पाळी येत नाही. वर्ष होऊन गेलं. येणार नाही." मग बाकीचं सांगितलं. मराठीत सांगितलं. जिथे शब्द नव्हता तिथे तुमचा घेतला.

तो पाटावर बसला. अप्पा भिंतीकडे बघत होते, पण बाहेर गेले नाहीत.

"मी दर महिन्याला विचारत होतो," संदेश म्हणाला.

"हो."

"तू हो म्हणायचीस."

"हो."

"आईला माहीत होतं?"

"जानेवारीपासून. त्या म्हणत होत्या, सांग म्हणून."

तो उठून मागे गेला. मी गेले नाही. खिडकीतून दिसत होता. आधी नुसता उभा होता. मग रातांब्यांच्या टोपलीपाशी बसला, कालची आलेली, कुणी हात न लावलेली, आणि एक एक फोडायला लागला. त्याला जमत नाही. साल फाटत होती, रस कोपरापर्यंत ओघळत होता. अप्पांनी तिन्ही ताटं वाढून मागेच नेली. आम्ही तिथेच जेवलो. बाजूला कोण बसलं आहे, ते ठरवता आलं नसतं. संदेशने दोन घास खाल्ले आणि रडला. मला वाटलं माझ्यासाठी, मुलासाठी. तसंही असेल. पण तो म्हणाला, "पिठी आईसारखीच झालीय," आणि अप्पा म्हणाले, "तिची कुठली? ती माझी खायची."

तो माझ्यावर रागावलेला आहे. ते त्याच्या खांद्यांवरून दिसतं. दुपारी त्याने फाइल मागितली आणि सगळी वाचली, मग गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन विचारलं, "ह्या का नाही घेतल्यास?" ते त्याने ओरडून विचारलं. मी पाण्याचा पेला घेतला आणि त्याच्यासमोर पहिली गोळी घेतली. पुढे काय होईल मला माहीत नाही, आई. उद्या रात्रीच्या गाडीने तो जाणार होता. तिकीट पुढचं करतो म्हणाला, दोन दिवसांनी. हृदयाची तपासणीही करून घेणार आहे मी. तुमच्या वाटणीची.

संध्याकाळी अप्पा चष्मा लावून कॅलेंडरपुढे उभे होते. जूनचं पान त्यांनी वर धरलं होतं. माझे ठिपके खोडावेत म्हणून मी खोडरबर घेऊनच आले होते. पण पान त्यांच्या हातात होतं आणि दोन्ही ठिपके इतके जवळजवळ होते, की एक पुसायला गेलं तर दुसराही गेला असता. मी खोडरबर मुठीतच ठेवला.

"हिचा जूनात कधी आहे?" त्यांनी विचारलं. "मला नीट दिसत नाय."

"बारा, तेरा, चौदा," मी म्हटलं. "शुक्रवारपासून."

"तू बसणार ना?"

"बसेन."

त्यांनी पान सोडलं. "मग गुरुवारी कुळीथ दळून आणतो."